मे महिन्यातला रिपोर्ट आणि भाद्रपदातलं पाणी : एका घरच्या विहिरीची केस

घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगरउतारावर, माझ्या मामाचं. अंगणाच्या कडेला जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर, व्यास साधारण ३ मीटर. रहाट अजून आहे पण आता पंपच लावतात, पाणी वरच्या टाकीत जातं आणि तिथून घरातल्या नळांना. एरवी घरात सहा माणसं. गणपतीत अठ्ठावीस. हे दोन्ही आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

२०२५ चे गणपती २७ ऑगस्टला आले, गौरी-गणपतीचं विसर्जन २ सप्टेंबरला. ३१ तारखेला गौरी घरात आल्या त्याच रात्री दोन पोरांना जुलाब सुरू झाले, दुसऱ्या दिवशी अजून चार जण, आणि विसर्जनापर्यंत अकरा माणसं आडवी. कोणाला ताप, कोणाला नुसते पोटात मुरडे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ओआरएस आणलं, एकाला सलाईन लावावं लागलं, बाकीचे घरीच बरे झाले. पुण्याच्या मावशीचा जीव मात्र वर गेला होता, कारण जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) जी साथ आली ती तिने जवळून बघितलेली, त्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता आणि तिथेही बोट पाण्याकडेच गेलेलं.

पहिला संशय अर्थातच स्वयंपाकघरावर आला, म्हणजे मामीवर. मोदकाचं सारण आदल्या दिवशीचं होतं का, वड्यांचं तेल परत परत वापरलं का, कोण काय बोलेल नेम नाही. मी फोनवर एक साधी यादी केली, प्रत्येक माणसापुढे दोनच गोष्टी, जेवला का आणि पाणी कुठलं प्यायला. जेवण सगळ्यांचं एकाच पातेल्यातलं. पाणी मात्र एक नव्हतं. बावीस जण नळाचं किंवा हंड्यातलं पाणी तसंच पीत होते, त्यातले अकरा आजारी. उरलेले सहा म्हणजे आजी आणि तिच्यासोबत उकळलेलं पाणी पिणारे दोघं, एक तान्हं पोर, आणि बाटलीचंच पाणी पिणारे पुण्याचे मावसोबा व त्यांची सून. या सहांतला एकही आजारी नाही. वर शेजारचे लोक रोज आरतीला येऊन प्रसाद, फराळ सगळं खाऊन गेले, पाणी मात्र घरी जाऊन आपल्या विहिरीचं प्यायले, तेही ठणठणीत. एवढ्यावरून कोर्टात काही सिद्ध होत नाही, पण मामीची सुटका झाली आणि सगळे विहिरीकडे बघायला लागले.

आणि मग मामांनी कपाटातून रिपोर्ट काढला. "अरे, आपलं पाणी तपासलेलं आहे."

तपासलेलं होतंच. मे महिन्यात, रीतसर, जिल्ह्याच्या लॅबमधून. आपल्याकडे या लॅब भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या असतात, थोडी फी भरली की खाजगी विहिरीचं पाणीही तपासून देतात, हे बऱ्याच लोकांना माहितच नसतं. त्या रिपोर्टवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलीग्रॅम प्रति लिटर) ६८, हार्डनेस किरकोळ, क्लोराईड १२, नायट्रेट ४, ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) नाही. फक्त एका ओळीला लाल खूण, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ६.१, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीएच ६.५ ते ८.५ पाहिजे असं लिहिलंय. झालं, तेव्हा मे मध्येच घरात सगळ्यांनी त्या लाल खुणेचा धसका घेतला होता. खरं तर जांभ्यातल्या विहिरीचं पाणी थोडं आंबटपणाकडे झुकलेलं असणं ही कोकणात अगदी रोजची गोष्ट आहे, त्याने जीआयचे पाईप लवकर गंजतात, पितळी नळावर हिरवट डाग येतात, पण जुलाब होत नाहीत.

याच धसक्याच्या काळात, गणपतीच्या आधी, घरी आरओवाला आला, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टर मशीनचा विक्रेता. त्याने ओट्यावर दोन ग्लास ठेवले, एकात विहिरीचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, आणि दोन्हीत ते वायरवालं यंत्र बुडवलं. विहिरीचा ग्लास तपकिरी झाला, वर घाण तरंगायला लागली, मशीनचा ग्लास स्वच्छ. वहिनी सांगते की रंग यायला जरा वेळच लागला, तो माणूस थोडा बेचैन झाला होता. वेळ लागणारच. त्या यंत्राची एक दांडी लोखंडाची असते, पाण्यातून वीज गेली की ती दांडीच झिजते आणि तिचाच गंज पाण्यात दिसतो. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज जास्त वाहते, तितका गंज पटकन. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच म्हणून वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. आणि ६८ टीडीएसच्या पाण्यात तर जेमतेम वाहते. म्हणजे त्याने जी घाण दाखवली ती विहिरीची नव्हतीच, त्याच्या पिशवीतली होती.

दादाने मशीन घेतलं. ६८ टीडीएसच्या पाण्यावर आरओ! आयएस १०५०० नुसार टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलेलं, कारण एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर मोरीत जातं. मशीनमधून पाणी निघायचं टीडीएस ७ चं, चवीला अगदी मेलेलं. आणि गणपतीत काय झालं, तर अठ्ठावीस माणसांना ते पुरेना, त्यात पावसाने लाईट दिवसातून चारदा जायची, मग सगळे सरळ हंड्याकडे वळले. सोबत फुकट म्हणून एक पेनसारखं टीडीएस मीटर दिलं होतं ते ड्रॉवरमध्ये पडून होतं. त्याची गंमत पुढे येते.

आता मूळ प्रश्न असा की मे मध्ये शुद्ध असलेलं पाणी सप्टेंबरमध्ये बिघडलं का, आणि बिघडलं असेल तर कुठे, विहिरीत, टाकीत की घरातल्या हंड्यात. हे न बघता लोक टाकी धुतात, फिल्टर बदलतात, आणि पुढच्या वर्षी परत तेच. म्हणून एकाच जागचं पाणी न घेता विहीर, टाकीनंतरचा किचनचा नळ, आरओचा नळ आणि तुलनेसाठी उताराच्या वरच्या बाजूची शेजाऱ्यांची विहीर, असे चार नमुने घ्यायचं ठरवलं.

नमुना घेणं ही गोष्ट जितकी सोपी वाटते तितकी नाही, आणि निम्मे रिपोर्ट इथेच बाद होतात. जंतूंच्या तपासणीला घरची बिस्लेरीची बाटली चालत नाही, लॅबमधून निर्जंतुक बाटली आणावी लागते. नळाचं पाणी घेताना तोंडावरची जाळी काढायची, तोटी ज्योतीने किंवा स्पिरिटने तापवून-पुसून घ्यायची, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं आणि मग बाटली भरायची, झाकण हातात उलटं धरायचं, खाली ठेवायचं नाही, बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही. विहिरीसाठी बाटलीला खाली दगड बांधून सुतळीने हळूच सोडली, कठड्याला आणि चिऱ्यांना न घासता, आणि पृष्ठभागाखाली बुडाल्यावर भरू दिली. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत आधीच थोडं थायोसल्फेट घातलेलं असावं लागतं, नाहीतर प्रवासात जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. मग बर्फ. मासळीवालीकडून थर्माकोलचा खोका मागितला, साबणाने तीनदा धुतला तरी बांगड्याचा वास जाईना, पण काम झालं. सकाळच्या एसटीने रत्नागिरी. नमुना शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे, त्यामुळे शुक्रवार-शनिवारी नमुना काढायच्या भानगडीत पडू नये.

रिपोर्ट यायला दिवस लागतात म्हणून मधल्या वेळात एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाईड वायूवरून जंतू ओळखायच्या) बाटल्याही लावल्या. ही पद्धत आपल्याच देशातली, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मंजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि ऊबदार जागी ठेवून द्यायचं, विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं ट्रेनिंग देतात, त्यातल्याच एका ताईंनी या बाटल्या दिल्या. रात्री लावल्या. सकाळी विहिरीची आणि नळाची बाटली शाईसारखी काळी. शेजाऱ्यांची तशीच पांढरी. आजीने ते बघून फक्त "शी" म्हटलं आणि उठून गेली, पण त्या एका काळ्या बाटलीने जे पटवलं ते कुठल्याही रिपोर्टच्या आकड्याने पटलं नसतं.

लॅबचा रिपोर्टही तसाच. मामांच्या विहिरीत एकूण कोलिफॉर्म (माती, शेण, मैला यांतून येणाऱ्या जंतूंचा गट) १६००, त्यातले ई. कोलाय २४०, आणि मानक काय म्हणतं तर १०० मिलीत एकही नको. किचनच्या नळालाही जवळपास तेवढेच, म्हणजे टाकीने काही वाढवलं नव्हतं, माल विहिरीतूनच येत होता. शेजाऱ्यांच्या विहिरीत थोडे कोलिफॉर्म, जे उघड्या विहिरीत पावसाळ्यात असतातच, पण ई. कोलाय नाही. आणि आरओच्या नळाला ई. कोलाय नसले तरी कोलिफॉर्म २३, बहुतेक त्याच्या साठवणीच्या टाकीमुळे, ती कोणी कधी उघडून धुतलीच नव्हती.

मला मात्र जास्त रस रसायनांच्या पानात होता. टीडीएस ११८. क्लोराईड ३१. नायट्रेट १९. मानकाप्रमाणे क्लोराईड २५० पर्यंत चालतं, नायट्रेट ४५ पर्यंत, म्हणजे सगळंच हद्दीत, कुठेही लाल खूण नाही. पण मे शी ताडून बघा. मे महिन्यात विहीर तळाला जाते, पाणी कमी, तेव्हा क्षार जास्त असायला हवेत, आणि भाद्रपदात पावसाचं पाणी भरलेलं असतं तेव्हा ते पातळ होऊन कमी व्हायला हवेत. शेजाऱ्यांच्या विहिरीचा टीडीएस बघितला तर ५४. मामांच्या विहिरीचं मात्र पावसाळ्यात वाढलं, आणि वाढलं काय तर नेमकं क्लोराईड आणि नायट्रेट. क्लोराईड माणसाच्या लघवीत भरपूर असतं, आणि लघवी-मैल्यातल्या नत्राचं जमिनीत नायट्रेट बनतं. टीडीएसचा एकटा आकडा जंतूंबद्दल काहीच सांगत नाही, गटाराचं पाणी ११८ चं असू शकतं आणि बोअरचं स्वच्छ पाणी ९०० चं. पण त्याच विहिरीचा आकडा उलट्या दिशेने हलला तर कुठून तरी काहीतरी मिसळतंय एवढं नक्की.

कुठून, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी घरामागे, उताराच्या वरच्या अंगाला, नवीन संडास-बाथरूम बांधलं. सेप्टिक टँक सिमेंटचा व्यवस्थित, पण त्यातून निघणारं पाणी जिरवायला शोषखड्डा, तो विहिरीपासून ३८ फुटांवर. नेहमी सांगतात ५० फूट लांब ठेवा, पण तो आकडा मातीसाठी आहे. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी त्यातून गाळलं न जाता नळीतून गेल्यासारखं जातं, तिथे ५० फूटही कमीच. वर गवंड्याने खड्डा नऊ फूट खोल काढलेला, जास्त खोल म्हणजे जास्त जिरेल म्हणून. उन्हाळ्यात ते खपून जातं. भाद्रपदात विहिरीचं पाणी काठापासून पाच फुटांवर येतं, म्हणजे आसपासच्या जमिनीतली पाण्याची पातळी खड्ड्याच्या तळाला येऊन टेकते, मध्ये गाळायला कोरडी माती उरतच नाही. त्यात सहा माणसांच्या जागी अठ्ठावीस. मे महिन्यातला रिपोर्ट खोटा नव्हता, तो मे महिन्यातल्या पाण्याचा होता.

मामांना हे पटेना. "तीन वर्षं काही झालं नाही ते." आणि त्यांचं म्हणणं अगदी चूक होतं असं नाही, कारण वरच्या बाजूला गोठाही आहे, शेणखताचा ढीग आहे, ई. कोलाय गुरांच्या शेणातही असतात, मग दोष संडासालाच का. पुरावा पाहिजे होता. तेव्हा ते फुकट मिळालेलं मीटर बाहेर काढलं.

मीटर खरं म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते तेच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज दाखवतं. मिठाचं पाणी त्याला लगेच कळतं. तर २५ किलो खडे मीठ ड्रममध्ये विरघळवून संध्याकाळी थेट शोषखड्ड्यात ओतलं, टँकमध्ये नाही, तिथले कामाचे जंतू मरतात. विहिरीचं पाणी पिणं तेव्हा बंदच होतं. दादाचा पोरगा नववीत आहे, त्याला वहीत नोंदी करायला बसवलं, सकाळ-दुपार-संध्याकाळ, दोन्ही विहिरी, आणि पाऊस पडला तर तेही लिही. आधीचे दोन दिवस मामांच्या विहिरीचा आकडा ११६ ते ११९ मध्येच होता. मीठ ओतल्यानंतरच्या सकाळी ११८. मामा हसले, म्हणाले मीठ गेलं माडाला, यंदा नारळ चांगले येतील. दुसऱ्या दिवशी दुपारी १२७. संध्याकाळी १४१. तिसऱ्या दिवशी १५८ पर्यंत चढला आणि मग हळूहळू उतरायला लागला. शेजाऱ्यांची विहीर या सगळ्यात ५४-५५ वर ढिम्म. मामांनी वही स्वतः हातात घेऊन परत परत बघितली आणि गवंड्याला फोन लावला.

तातडीचा उपाय म्हणजे उकळणं, पाणी खळखळ उकळू द्यायचं, एखादं मिनिट पुरतं, नुसतं वाफाळलेलं नाही. आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. याचं गणित सोपं आहे पण लोक मुठीने टाकतात. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, की घनमीटर मिळतात. इथे ३ मीटर व्यास, ६ मीटर पाणी, म्हणजे साधारण ४२ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर १०५ ग्रॅम. बादलीत आधी पातळ पेस्ट करायची, मग पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत, चोथा टाकायचा नाही. पोहरा वरखाली करून ढवळायचं, तास-दीड तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघायची चाचणी.

पहिल्या दिवशी ओटीत रंगच आला नाही. पावडर मामांच्या खोलीतल्या जुन्या गोणीतली होती, तोंड उघडं, कोकणातली दमट हवा, क्लोरीन कधीच उडून गेलेला, वासही येत नव्हता. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो आणि डबा उघडला की नाकाला झिणझिण्या येतात. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून सीलबंद पिशवी आणली, तरी पहिल्या डोसला रंग फिकाच, कारण एवढ्या घाणीत क्लोरीन खाल्लाच जातो. दुप्पट केल्यावर पिवळा आला, कार्डाशी ताडला तर लिटरला ०.५ मिलीग्रॅमच्या आसपास. नळाला किमान ०.२ पाहिजे. आंबटसर पाण्यात क्लोरीन उलट जास्त चांगला चालतो, म्हणजे तो बदनाम पीएच इथे उपयोगीच पडला. फक्त विहिरीला सतत नवीन झरा येत असतो, एकदा टाकून भागत नाही, जोवर वरून मैल्याचं पाणी येतंय तोवर हे रोजचं लागणार.

गावाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड आहे हो, ग्रामपंचायत अभिमानाने सांगते. पण लाल-पिवळं-हिरवं कार्ड देताना पाहणी होते ती सार्वजनिक विहिरींची आणि योजनेच्या टाकीची. तुमच्या अंगणातली विहीर त्यात येत नाही, तिचे जलसुरक्षक तुम्हीच.

कायमचं काम म्हणजे शोषखड्डा हलवणं. मामांचा पहिला प्लॅन सरळ होता, घराच्या खालच्या बाजूला नवा खड्डा, पाणी काय वर चढून विहिरीत येणार आहे का. बरोबर आहे, आपल्या विहिरीत नाही येणार. पण उताराला खाली भाऊकाकांचं घर आहे, मामांचे चुलतभाऊ, आणि त्यांची विहीर नव्या खड्ड्यापासून जेमतेम सव्वाशे फूट. भावकीत आधीच बांधावरून बोलणी बंद. शेवटी खोल खड्डा रद्दच केला, सेप्टिक टँकचं पाणी पाईपने आडवं, दोन्ही विहिरींपासून बाजूला नेऊन उथळ चरात सोडायचं, फूट-दीड फूट मातीतच, आणि वर केळी नि कर्दळी लावायच्या, कारण घाण पाणी गाळायचं काम माती करते, खालचा जांभा करत नाही. विहिरीच्या वरच्या सात-आठ फुटांच्या चिऱ्यांच्या फटी सिमेंटने बंद केल्या, कठड्याभोवती ओटा आणि पाणी लांब नेणारी मोरी.

नोव्हेंबरमध्ये परत नमुना दिला, ई. कोलाय नाही. दादा खूश, पण नोव्हेंबरमध्ये पाणी खाली गेलेलं असतं आणि घरात सहाच माणसं असतात, तेव्हा हा रिपोर्ट फाईलला लावायचा एवढंच. खरा नमुना जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि मग ऐन गौरी-गणपतीत, घर भरलेलं असताना काढायचा. तोवर प्यायचं पाणी उकळूनच. आणि चर खणायच्या आधी भाऊकाकांच्या विहिरीचाही नमुना देऊन ठेवलाय, टीडीएस, क्लोराईड, नायट्रेट, कोलिफॉर्म सगळं, त्याची एक प्रत त्यांच्याकडे आणि एक मामांकडे, म्हणजे उद्या त्यांच्या पाण्यात काही हललं तर भांडण आकड्यांवर होईल. प्रत द्यायला मामा स्वतः गेले होते, चहा झाला म्हणे.